शोधामागील हात : संशोधन विद्यापीठांतील तंत्रज्ञ व अभियंते

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मुलाने पुढे काय करावे? उत्तरे बहुधा ठरलेली असतात. दुकानाची गादी आहेच. नाही तर सी.ए., नाही तर वैद्यकीय, नाही तर संगणक. अभियांत्रिकी घेतलीच तर ती एखाद्या मोठ्या कंपनीत किंवा परदेशात नोकरी मिळावी म्हणून. विद्यापीठात नोकरी म्हटले की डोळ्यांपुढे प्राध्यापक उभा राहतो आणि प्राध्यापक व्हायचे तर पीएच.डी. हवी, एवढेच सर्वसामान्य पालकास ठाऊक असते.

वस्तुतः ज्या विद्यापीठात संशोधन चालते तेथे शिकविणारे आणि शिकणारे याखेरीज आणखी एक मोठा वर्ग नांदत असतो. यंत्रे घडविणारा, काच फुंकणारा, निर्वात पंप चालविणारा, विद्युत्-मंडले जोडणारा, अतिशीत द्रव सांभाळणारा असा हा वर्ग. कोणी आयटीआय झालेला, कोणी पदविकाधारक, कोणी बी.ई., कोणी विज्ञानाचा पदवीधर. शोध जाहीर होतो तेव्हा वृत्तपत्रांत छायाचित्र वैज्ञानिकाचे येते. ते उचितच आहे. परंतु कल्पना कितीही थोर असली तरी ती पडताळून पाहण्यासाठी उपकरण लागते, आणि उपकरण हे कोणाच्या तरी हातांनीच घडते. त्या हातांचा आणि त्या हातांना मिळू शकणाऱ्या आयुष्याचा विचार करणे हा या व्याख्यानाचा विषय आहे.

लायडनची ‘निळी मुले’

हॉलंडमधील लायडन विद्यापीठ १५७५ साली स्थापन झाले. तेथे १८८२ मध्ये हाइके कामरलिंग ओनस हे अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. ‘मोजमापातून ज्ञान’ हे सूत्र त्यांनी पहिल्याच व्याख्यानात मांडले. गजाच्या मापावर ज्यांचा प्रपंच चालतो त्या व्यापाऱ्यास या सूत्राचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. माप चुकले तर पुढचा सारा हिशेब चुकतो.

ओनस यांना वायू अतिशय थंड करून त्यांचे द्रवात रूपांतर करावयाचे होते. हे काम एका खोलीत, एका टेबलावर होण्यासारखे नव्हते. त्यासाठी पंप, दाबयंत्रे, नळ्या, झडपा आणि काचेची दुहेरी भांडी यांचा कारखानाच उभारावा लागला. त्यात एक अनपेक्षित विघ्न आले. प्रयोगशाळा ज्या जागी होती तेथे १८०७ साली दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट होऊन गावाची मोठी हानी झाली होती. ती आठवण नगरवासीयांच्या मनात ताजी होती. दाबाखालील वायूंचे प्रयोग म्हणजे दुसऱ्या स्फोटाला आमंत्रण, अशी तक्रार १८९५ मध्ये झाली आणि सुमारे तीन वर्षे हे काम खोळंबले. अखेर तज्ज्ञांची समिती बसली व १८९८ मध्ये परवानगी मिळाली.

ओनस यांचे मोठेपण असे की, यंत्रांबरोबर यंत्र घडविणारी माणसेही घडविली पाहिजेत हे त्यांनी ओळखले. त्या काळी अशी माणसे बाजारात तयार मिळत नव्हती. म्हणून १९०१ साली त्यांनी उपकरणकारांच्या शिक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. प्रयोगशाळेच्या आवारातच होतकरू मुले काम करीत काम शिकू लागली. अंगात निळे डगले घालीत असल्यामुळे त्यांना ‘निळी मुले’ असे नाव पडले. धातुकाम, काचकाम, आरेखन यांचे शिक्षण त्यांना मिळे. जोडीला पुस्तकी पाठही असत. येथे शिकलेले कारागीर पुढे इतर प्रयोगशाळांत व उद्योगांतही गेले. ती शाळा आजही लायडनमध्ये चालू आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी एका प्राध्यापकाने लावलेले हे रोप अजून फळे देत आहे.

१० जुलै १९०८ हा दिवस या सर्वांच्या कसोटीचा होता. आदल्या दिवशी ७५ लिटर द्रवरूप हवा तयार करून ठेवली होती. पहाटे पावणेसहाला काम सुरू झाले. दुपारपर्यंत २० लिटर द्रवरूप हायड्रोजन हाती आला. मग हेलियमची पाळी. तास लोटत होते आणि भांड्यात काही दिसत नव्हते. सायंकाळी साडेसातच्या सुमारास, पाहण्यास आलेल्या एका सहकारी प्राध्यापकाच्या सूचनेवरून भांड्यावर खालून प्रकाश टाकला गेला, आणि द्रवाची रेषा स्पष्ट उमटली. सुमारे ६० घन सेंटिमीटर द्रवरूप हेलियम! उणे २६९ अंश सेल्सिअस इतके नीच तापमान त्यापूर्वी पृथ्वीवर कोणीही निर्माण केले नव्हते.

या यशामागे दोन नावे आवर्जून घेतली पाहिजेत. एक, यंत्रशाळेचे प्रमुख हेरिट यान फ्लिम. दुसरे, काचकामाचे उस्ताद ऑस्कर केसेलरिंग. फ्लिम यांनी शीतयंत्रणा उभी केली व चालविली. केसेलरिंग यांनी घडविलेली काचेची भांडी एवढ्या थंडीत तडकली असती तर वर्षांची मेहनत क्षणात वाया गेली असती. तीन वर्षांनी, १९११ मध्ये, याच यंत्रणेच्या बळावर पारा अतिशीत अवस्थेत विद्युत्-रोध संपूर्ण गमावतो हा शोध लागला. त्यालाच अतिवाहकता म्हणतात. आज रुग्णालयात एम.आर.आय. तपासणीसाठी जे यंत्र असते त्यातील चुंबक बहुतेक ठिकाणी याच तत्त्वावर चालतो व तो द्रवरूप हेलियमनेच थंड ठेवला जातो. लायडनच्या काचेच्या भांड्याचा धागा असा थेट आजच्या रुग्णशय्येपर्यंत पोहोचतो.

ओनस यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या अंत्ययात्रेची एक आठवण त्याच विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिक कॅसिमिर यांनी पुढे सांगितली आहे. प्रयोगशाळेचे कारागीर काळे कोट व उंच टोप्या घालून शववाहिनीमागून चालत होते. उशीर झाल्यामुळे घोड्यांनी वेग घेतला आणि या मंडळींना अक्षरशः धावावे लागले. घामाघूम झालेल्या एका कारागिराने म्हटले की, मालक गेले तरी आपल्याला पळविणे काही सोडत नाहीत! या उद्गारात तक्रार आहे तशी मायाही आहे. कडक शिस्तीचा धनी आणि जिवाला जीव देणारे कारागीर हे नाते जुन्या पेढ्यांवरही असेच असे.

केंब्रिज : काच आणि कापूस

इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठातील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे नाव विज्ञानाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात येते. तेथे १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध लावला. थॉमसन यांची बुद्धी असामान्य, पण हात मात्र कमालीचे अडखळते होते. नाजूक उपकरणाला त्यांचा हात लागू नये म्हणून साहाय्यकच जपत असत. तो साहाय्यक म्हणजे एबनेझर एव्हरेट. ज्या काचेच्या नळ्यांत इलेक्ट्रॉनचे मोजमाप झाले त्या एव्हरेट यांनी फुंकलेल्या होत्या. चार दशकांहून अधिक काळ त्यांनी थॉमसन यांना साथ दिली. थॉमसन यांना १९०६ मध्ये नोबेल मिळाले. एव्हरेट यांचे नाव मात्र इतिहासाचे अभ्यासक सोडल्यास फारसे कोणी जाणत नाही.

याच प्रयोगशाळेत पुढे जॉन कॉक्रॉफ्ट आले. कापडाच्या व्यापारात हयात घालविणाऱ्यांनी हे नाव विशेष लक्षात ठेवावे, कारण कॉक्रॉफ्ट यांचे घराणे पिढ्यान् पिढ्या सुती कापडाच्या उत्पादनात होते. उत्तर इंग्लंडमधील टॉडमॉर्डन या गिरणगावी ते वाढले. घरची गिरणी असताना त्यांनी मँचेस्टरला विद्युत् अभियांत्रिकी शिकली, मेट्रोपॉलिटन-विकर्स या विद्युत् यंत्रांच्या कारखान्यात उमेदवारी केली आणि मग केंब्रिजला जाऊन गणित व पदार्थविज्ञान यांचा अभ्यास केला. तेथे त्यांची व अर्नेस्ट वॉल्टन यांची जोडी जमली. १४ एप्रिल १९३२ रोजी या दोघांच्या यंत्राने लिथियमचा अणुगर्भ फोडला. त्यासाठी लाखो व्होल्टांचा दाब आणि उत्तम निर्वात पोकळी लागत होती. निर्वात नळीचे सांधे बंद करण्यासाठी त्यांनी मुले खेळतात ते प्लॅस्टिसिन वापरले. पंपासाठी लागणारे विशेष तेल मेट्रोपॉलिटन-विकर्समधील बर्च या संशोधकाने शोधून काढले होते. १९५१ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. अणुगर्भाचे रहस्य उलगडण्यास कारखान्यात उमेदवारी केलेला माणूसच उपयोगी पडला, ही गोष्ट ‘कारखान्याचे शिक्षण कनिष्ठ’ असे मानणाऱ्यांनी मनन करण्यासारखी आहे.

आपल्या होमी भाभांचेही तसेच. त्यांना घरच्यांनी केंब्रिजला पाठविले ते अभियांत्रिकीसाठी. परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे ही इच्छा होती. ती परीक्षा त्यांनी १९३० मध्ये उत्तम रीतीने उत्तीर्ण केली आणि मगच ते पदार्थविज्ञानाकडे वळले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापिली. संस्थेत गणित व कणविज्ञान यांच्याबरोबर इलेक्ट्रॉनिकीच्या कार्यशाळेलाही मानाचे स्थान मिळाले. भारतात पूर्णतः घडविलेला पहिला अंकीय संगणक ‘टिफ्रॅक’ याच संस्थेत तयार झाला. त्याची प्राथमिक प्रतिकृती १९५६ मध्ये चालू झाली होती. इलेक्ट्रॉनिकीच्या त्या कामातूनच तयार झालेल्या मनुष्यबळाच्या आधारे १९६७ मध्ये हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन उभी राहिली. एका संशोधनसंस्थेतील कार्यशाळा राष्ट्राच्या उद्योगाची जननी कशी होते, याचे हे उदाहरण.

तंत्रज्ञ ते नोबेल

तंत्रज्ञ म्हणून प्रवेश केला तर जन्मभर तेथेच राहावे लागते, अशी एक भीती पालकांच्या मनात असते. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील रायनर वाइस यांचे चरित्र या भीतीवर उत्तम उतारा आहे. लहानपणी रेडिओ दुरुस्त करण्याचा त्यांना नाद. एमआयटीत प्रवेश मिळाला, पण तिसऱ्या वर्षी अभ्यास सुटला व नाव कमी झाले. १९५३ च्या सुमारास त्याच विद्यापीठाच्या आवारातील जुन्या लाकडी इमारतीत प्राध्यापक झकारियास यांच्या प्रयोगशाळेत ते तंत्रज्ञ म्हणून लागले. हातातील कसब पाहून प्राध्यापकांनी त्यांना जवळ केले, पुन्हा शिक्षणाकडे वळविले. १९५५ मध्ये पदवी, १९६२ मध्ये डॉक्टरेट, पुढे तेथेच प्राध्यापक.

गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचे ‘लायगो’ हे यंत्र ज्यांच्या कल्पनेतून उभे राहिले त्यांत वाइस अग्रणी होते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर नोंदली गेली आणि २०१७ चे नोबेल त्यांना, किप थॉर्न व बॅरी बॅरिश यांच्यासह, मिळाले. २०२५ मध्ये वाइस यांचे निधन झाले. विद्यापीठाने नाव कमी केलेल्या मुलाला त्याच विद्यापीठातील कार्यशाळेने वाचविले, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. अर्थात प्रत्येक तंत्रज्ञ नोबेलपर्यंत जाणार नाही आणि जाण्याची आवश्यकताही नाही. मुद्दा इतकाच की, हा दरवाजा आतल्या बाजूने बंद नाही.

आणखी एक गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. १८९७ मधील थॉमसन यांच्या निबंधावर एकट्याचे नाव होते. लायगोच्या पहिल्या शोधाच्या निबंधावर हजाराहून अधिक नावे आहेत आणि त्यांत अभियंत्यांचीही नावे आहेत. शंभराहून अधिक वर्षांत श्रेयाची वही अशी विस्तारली आहे.

खोडदची तारेची जाळी

उदाहरणासाठी परदेशातच जावे लागते असे मुळीच नाही. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ, खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रामार्फत ती चालविली जाते. ही संस्था २००२ पासून अभिमत विद्यापीठही आहे. दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ तबकड्या मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरमध्ये, तर उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराप्रमाणे तीन दिशांना पसरलेल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांतील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते.

या दुर्बिणीचे शिल्पकार प्रा. गोविंद स्वरूप. त्यांची कार्यपद्धती पाहिली तर काटकसरी व्यापाऱ्यालाही समाधान वाटावे. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या ३२ लहान तबकड्या घेऊन त्यांनी १९६५ मध्ये कल्याण येथे रेडिओ दुर्बीण उभी केली. १९७० मध्ये उटीला ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली. त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकाच, म्हणजे सुमारे ११ अंशांचा, उतार असलेली टेकडी त्यांनी निवडली. त्यामुळे दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला आपोआप समांतर झाला आणि एका बाजूने फिरविण्याच्या साध्या यंत्रणेवर काम भागले. जे निसर्गाने दिले आहे त्यासाठी पुन्हा पैसा कशाला खर्चायचा?

खोडदला प्रश्न अधिक कठीण होता. ४५ मीटरची तबकडी भरीव पत्र्याची केली तर वारा तिला शिडासारखा ओढील. त्याला टक्कर द्यायची तर पोलादाचे वजन वाढेल आणि खर्च आवाक्याबाहेर जाईल. तोडगा निघाला तो जाळीचा. दूरच्या विश्वातून येणाऱ्या लांब रेडिओ लहरींना भरीव पृष्ठभाग लागत नाही. छिद्रे लहरीच्या लांबीच्या मानाने बरीच लहान असली की पुरते. म्हणून स्टेनलेस स्टीलच्या, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड तारेची जाळी वापरण्यात आली. मध्यभागी वीण घट्ट, कडेला विरळ. ही जाळी पोलादी दोरांवर ताणून त्या दोरांनी तिला अन्वस्ताचा आकार दिला. वारा जाळीतून निघून जातो आणि लहर मात्र अडते. ज्याने जन्मभर कापडाची वीण बोटांनी पारखली त्याला या युक्तीचे मर्म तत्काळ उमगेल. कोठे पोत दाट हवा आणि कोठे विरळ चालेल, हे ओळखण्यातच सारी किमया आहे.

२००१ साली ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण करण्यात आली. पुढे तिच्या ग्राहकयंत्रणेचे मोठे नूतनीकरणही झाले. आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या या तबकड्या दिवसरात्र चालू राहाव्यात म्हणून यांत्रिकी, विद्युत्, सर्व्हो नियंत्रण, प्रकाशतंतू, अंकीय इलेक्ट्रॉनिकी, संगणक अशा निरनिराळ्या विभागांतील अभियंते व तंत्रज्ञ झटत असतात. कोणी उंच चढून तारा तपासतो, कोणी मोटारीचे दातेरी चक्र पाहतो, कोणी ग्राहकातील खरखर कमी करतो. जगभरचे संशोधक येथे निरीक्षणासाठी वेळ मागतात. त्या संशोधकाला पहाटे तीन वाजता मिळणारा निर्मळ संदेश म्हणजे या मंडळींच्या श्रमांचे फळ होय.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात ‘लायगो-इंडिया’ प्रकल्प होत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांना अंतिम मंजुरी दिली. किलोमीटर-किलोमीटर लांबीच्या निर्वात नळ्या, लेसर, कंपनरोधक आधार ही सर्व कामे कुशल हातांची वाट पाहणार आहेत. मराठवाड्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या किंवा दुकानदाराच्या मुलामुलींना ही संधी आपली वाटली पाहिजे.

कामाचे स्वरूप आणि प्रवेशाच्या वाटा

आजच्या संशोधन विद्यापीठात कोणकोणती कामे असतात? यंत्रशाळेत फिटर, टर्नर, वेल्डर आणि संगणक-नियंत्रित यंत्रे चालविणारे. काचशाळेत काच फुंकणारे. द्रवरूप हेलियम व नायट्रोजनच्या संयंत्रावर शीततंत्रज्ञ. तेथील जबाबदारी केवढी, तर एक लिटर द्रवरूप हेलियम उबदार झाला की त्याचा सातशे पटींहून अधिक वायू होतो. नळीचे तोंड चुकून बंद राहिले तर स्फोट होईल आणि उघडे राहिले तर अतिशय महाग वायू वाऱ्यावर जाईल. म्हणून तो परत गोळा करून पुन्हा द्रवरूप करण्याची व्यवस्था असते. याखेरीज धूळविरहित दालनात सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक घटक घडविणारे, कोट्यवधी रुपयांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शके सांभाळणारे, किरणोत्सर्ग-सुरक्षा पाहणारे आणि महासंगणकाची निगा राखणारे अभियंते असतात. संशोधनासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यांचा तर एक स्वतंत्र व्यवसायच गेल्या दीड दशकात उदयाला आला आहे.

प्रवेशाच्या वाटा शिक्षणानुसार वेगळ्या आहेत. आयटीआय झालेल्यास उमेदवार किंवा कारागीर म्हणून, पदविकाधारकास तांत्रिक साहाय्यक म्हणून, विज्ञान पदवीधरास वैज्ञानिक साहाय्यक म्हणून आणि बी.ई.-एम.ई. झालेल्यास अभियंता म्हणून स्थान मिळू शकते. केंद्रीय संस्थांत ही पदे जाहिरात देऊन, लेखी व कौशल्य परीक्षा घेऊन भरली जातात. कौशल्य परीक्षेत लोखंडाचा तुकडा हाती देऊन रेखाटनाप्रमाणे वस्तू घडविण्यास सांगतात. तेथे ना ओळख चालते, ना पाठांतर. मिलिमीटरचा शतांश हाच परीक्षक.

या व्यवसायाची दुसरी बाजू

कोणत्याही व्यवहारात केवळ नफ्याची बाजू दाखविणे हे सचोटीला धरून नाही. म्हणून तोट्याचीही नोंद केली पाहिजे.

पहिली गोष्ट पैशाची. कायम पदास शासकीय वेतनश्रेणी, सुट्ट्या व स्थैर्य असते. परंतु संगणक कंपनीत चतुर अभियंत्यास जे वेतन मिळू शकते ते येथे मिळत नाही. दुसरी, आणि अधिक गंभीर, गोष्ट अस्थैर्याची. अलीकडे पुष्कळ नेमणुका विशिष्ट प्रकल्पापुरत्या, ठरावीक मुदतीच्या असतात. प्रकल्पाचे अनुदान संपले की माणूस दुसऱ्या दारी जातो. त्याच्याबरोबर त्याने वर्षानुवर्षे मिळविलेले ज्ञानही जाते. यंत्राचा घसारा ताळेबंदात दाखविण्याची सोय आहे. निघून गेलेल्या कारागिराच्या कौशल्याचा घसारा दाखविण्यासाठी कोणत्याही ताळेबंदात रकाना नाही. काच फुंकणारा जुना उस्ताद निवृत्त होतो आणि त्याच्या हाताखाली कोणालाच नेमलेले नसते, तेव्हा ती कला त्या संस्थेपुरती संपते. पुढे साधी नळीही बाहेरून मागवावी लागते.

तिसरी गोष्ट श्रेयाची. १९११ मध्ये अतिवाहकतेच्या मोजमापात ज्यांचा मोठा वाटा होता त्या गिलेस होल्स्ट या तरुण साहाय्यकाचे नावही निबंधाच्या लेखकांत नव्हते. मग कारागिरांची काय कथा? हा प्रश्न आता काही देशांनी गांभीर्याने घेतला आहे. ब्रिटनमध्ये २०१७ साली विद्यापीठांनी व संशोधनसंस्थांनी एक ‘तंत्रज्ञ-प्रतिज्ञा’ स्वीकारण्यास प्रारंभ केला. तंत्रज्ञ दिसला पाहिजे, त्याला मान्यता मिळाली पाहिजे, त्याची बढती झाली पाहिजे आणि त्याचे कौशल्य पुढील पिढीस मिळाले पाहिजे, असा तिचा आशय आहे. आपल्या विद्यापीठांनीही असा संकल्प करण्यास कोणता अडसर आहे? आभाराच्या परिच्छेदातील एक ओळ छापण्यास शाई फारशी लागत नाही; परंतु ती ओळ ज्याच्या घरी वाचली जाते त्या घरात मुलगा बापाकडे निराळ्या नजरेने पाहू लागतो.

पालकांचे आणि संस्थांचे कर्तव्य

आता विषयाच्या गाभ्याकडे वळणे उचित होईल. प्रत्येक कुटुंबात एखादे मूल असे असते की, ज्याचे पुस्तकात मन रमत नाही, पण बिघडलेला पंखा त्याच्या हाती दिला तर तो फिरू लागतो. अशा मुलाविषयी घरात हळू आवाजात बोलले जाते. पाहुण्यांपुढे थोरल्याचे गुण सांगितले जातात, धाकट्याविषयी मौन पाळले जाते. ‘काही नाही जमले तर आयटीआय आहेच’ हे वाक्य त्याच्या देखत उच्चारले जाते. ज्या मार्गावर फ्लिम आणि एव्हरेट चालले तो मार्ग आपण नापासांचा मार्ग ठरवून टाकला आहे. हा त्या मुलावर अन्याय आहे आणि देशाचे नुकसानही आहे.

मुलींविषयी तर अधिकच सांगावेसे वाटते. सूक्ष्म विद्युत्-मंडले जोडणे, सूक्ष्मदर्शक चालविणे, शीतसंयंत्राची काटेकोर नोंद ठेवणे या कामांत शारीरिक बळापेक्षा चिकाटी, स्थिर हात आणि नेमकेपणा यांचे मोल अधिक. तरीही कार्यशाळा म्हटले की मुलीचे नाव आपोआप वगळले जाते. हे वगळणे कोणी विचारपूर्वक करीत नाही, म्हणूनच ते विचारपूर्वक थांबवावे लागेल.

शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थांचीही येथे मोठी जबाबदारी आहे. बहुतेक ठिकाणी शिष्यवृत्तीचा निकष टक्केवारी हाच असतो. नव्वद टक्क्यांवरील विद्यार्थ्यास अनेक दाते मिळतात. आयटीआयमधील होतकरू मुलाला मात्र मोजमापाची बरी साधने घेण्यासही पैसे नसतात. एक चांगला व्हर्निअर, एक मायक्रोमीटर, संरक्षक चष्मा आणि वर्षाचा प्रवासखर्च एवढ्या मदतीने एक हात घडू शकतो. त्याचप्रमाणे दरवर्षी तीस-चाळीस मुलामुलींना खोडदची दुर्बीण किंवा जवळच्या संशोधनसंस्थेची कार्यशाळा दाखविणे हे कार्य फारसे खर्चिक नाही. अशा संस्था विज्ञान दिनानिमित्त, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास, सर्वांना पाहण्यासाठी खुल्या असतात. त्या दिवशी मुलांना तबकडी तर दाखवावीच. पण ती फिरविणाऱ्या माणसाशीही बोलू द्यावे. त्याने कोठे शिक्षण घेतले, प्रारंभी काय अडचणी आल्या, आज त्याच्याकडे कोणते काम आहे, हे मुलांनी त्याच्याच तोंडून ऐकावे. दहा व्याख्यानांनी जे साधणार नाही ते त्या अर्ध्या तासाने साधेल.

विद्यार्थी मित्रांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हातातील कसब आणि डोक्यातील ज्ञान यांत वैर नाही. लायडनची निळी मुले काम करता करता पाठही गिरवीत. ज्या फिटरला आपल्या हातातील झडप कोणत्या प्रयोगासाठी आहे हे ठाऊक असते, त्याची झडप निराळीच बसते. म्हणून आयटीआय झाल्यावर पदविका, पदविकेनंतर पदवी हा मार्ग शक्य तोवर चालू ठेवावा. इंग्रजी वाचनाची भीती काढून टाकावी, कारण उपकरणांच्या पुस्तिका बहुधा त्याच भाषेत असतात. आणि केलेल्या प्रत्येक कामाची तारीखवार नोंद स्वतःच्या वहीत ठेवावी. व्यापाऱ्याची जशी रोजकीर्द, तशी तंत्रज्ञाची नोंदवही; दोघांचीही पत शेवटी त्या वहीवरच ठरते.

कापडाचे ठाण उलगडले की गिऱ्हाइकाला रंग दिसतो, नक्षी दिसते. आडवा-उभा धागा दिसत नाही. पण ठाण टिकते ते त्या धाग्यावर. विज्ञानाच्या वस्त्रातील हा धागा होण्याची पात्रता आज येथे बसलेल्या कित्येक मुलामुलींच्या हातांत आहे. त्यांनी तो मार्ग आनंदाने निवडावा, पालकांनी तो मान खाली न घालता स्वीकारावा आणि समाजाने त्याला आपल्या साहाय्याचा आधार द्यावा, एवढीच अपेक्षा.